निकालाच्या आकड्यात भाषा किती?

विषय आपल्याच जिल्ह्यातला आहे. जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. त्यांचा निकाल गावातल्या मराठी शाळेच्या निकालाशेजारी ठेवला, की आपण लगेच म्हणतो, 'भाषेमुळे मुलं मागे पडली.' असं म्हणण्याआधी थोडा इतिहास बघू.

१९५६ साली राज्य पुनर्रचना झाली. नकाशावर रेघ ओढली गेली, पण गावं काही एकभाषी झाली नाहीत. म्हणून त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ हे कलम आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण मिळावं, यासाठी राज्याने पुरेशा सोयींचा प्रयत्न करावा, असं ते सांगतं. यातले दोन शब्द लक्षात ठेवा : 'प्राथमिक' आणि 'प्रयत्न'. प्राथमिकच्या पुढे काय, यावर हे कलम गप्प आहे.

१९६७ साली बालभारती स्थापन झाली. आज ती कन्नडसह आठ भाषांत पुस्तकं काढते. म्हणजे क्रमिक पुस्तक मिळतं. पण गणित कन्नडमधून शिकवणारा शिक्षक, सरावाची पुस्तकं, पुढच्या स्पर्धा परीक्षेची तयारी? इथे मोठ्या भाषेचं मूल आपोआप पुढे असतं.

हे फक्त गरीब देशातच घडतं असंही नाही. फिनलंडमध्ये स्वीडिश भाषक सुमारे पाच टक्के. त्यांच्या भाषेला राष्ट्रभाषेचा दर्जा आहे, घरची स्थितीही बरी. तरी २००९ च्या 'पिसा' चाचणीत वाचनात स्वीडिश शाळा फिनिश शाळांच्या मागे होत्या. स्वीडिश भाषा काय कच्ची आहे? तसं कुणी म्हणणार नाही. लहान भाषेच्या शाळेला पुस्तकं आणि शिक्षक दोन्ही कमी पडतात.

आता विट्याकडे या. आपली गलाईवाली कुटुंबं सोनं-चांदी गाळायला केरळ, तमिळनाडूपर्यंत गेली. घरात मराठी, वर्गात भलतीच भाषा. तिथं आपल्या पोराला गुण कमी पडले, तर आपण मराठीला दोष देतो का? नाही देत. मग जतच्या कन्नड पोरालाही तोच न्याय लावा.

दोन शाळांची तुलना जरूर करा. पण आधी विचारा : शिक्षकांची पदं भरली आहेत का? घरची मिळकत सारखी आहे का? पुढचं शिक्षण त्याच भाषेत आहे का? याची उत्तरं न घेता नुसता निकाल वाचला, तर उद्या शाळा बंद होईल, आणि दोष मात्र भाषेच्या नावावर लागेल.