लहान चूक, मोठा अविश्वास

इतिहासाचे पुस्तक वाचणारा मनुष्य ते कशाच्या बळावर खरे मानतो, याचा आपण सहसा विचार करीत नाही. तीनशे वर्षांपूर्वीची लढाई त्याने पाहिलेली नसते. मूळ कागद मोडी लिपीत, कुठल्या तरी दप्तरात बांधलेले. ते त्याच्या हाती यावयाचे नाहीत, आणि आले तरी वाचता यावयाचे नाहीत. मग तो करतो काय? पुस्तकातला जेवढा भाग त्याच्या स्वतःच्या माहितीचा असेल तेवढा ताडून पाहतो. आपल्या गावाचे नाव, नदीची दिशा, घाटाची वाट. ते बरोबर निघाले म्हणजे उरलेल्यावरही तो विश्वास टाकतो. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. मात्र शीत कच्चे लागले तर सारे भांडेच तो खाली उतरवून ठेवतो, हे लेखकाने विसरता कामा नये.

गगनबावड्याचेच उदाहरण घेऊ. कोल्हापूरच्या पश्चिमेस सुमारे 55 किलोमीटरवर, सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर हे गाव आहे. करूळचा आणि भुईबावड्याचा असे दोन घाट येथून कोकणात उतरतात. मराठ्यांच्या इतिहासात पंत अमात्य बावडेकर हे घराणे प्रसिद्ध आहे. त्या नावातला बावडा तो हा. पण कोल्हापूर शहराला लागूनच दुसरा एक बावडा आहे, कसबा बावडा. दूरच्या लेखकाने घाईघाईत नकाशा उघडला तर त्याला हाच आधी सापडावयाचा, आणि अमात्यांची जहागीर तो पंचगंगेकाठी नेऊन बसवावयाचा. चूक म्हटली तर एका शब्दाची. परंतु घाटाच्या तोंडावरचा डोंगरी मुलूख सांभाळणे वेगळे आणि शहराशेजारी सपाटीवर राहणे वेगळे. जागा चुकली की त्या जहागिरीचे मर्मच हरवते.

गावावरच्या गगनगडाचेही तसेच. हा गड शिलाहार राजा दुसरा भोज याने बांधला, असे परंपरा सांगते. हा भोज पन्हाळ्याचा, बाराव्या शतकाच्या अखेरीचा. पण राजा भोज म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे माळव्यातल्या धारचा भोज येतो. तो अकराव्या शतकातला, परमार कुळातला. दोघांत शंभराहून अधिक वर्षांचे अंतर आणि राज्येही निराळी. ‘भोज राजाने बांधला’ एवढेच लिहून लेखक मोकळा झाला, की वाचकाने गड कोणाच्या पदरात टाकावा?

आता याहून महत्त्वाची गोष्ट सांगतो. आंबा, फणस यांसारखी झाडे रयतेने लेकरांसारखी वाढविलेली असतात, आरमाराला लाकूड हवे म्हणून ती बळजबरीने तोडू नयेत, जीर्ण झालेले झाड लागलेच तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, असा एक उतारा आपण व्याख्यानांतून ऐकतो, भिंतींवरही वाचतो. तो पुष्कळ ठिकाणी शिवाजी महाराजांचे पत्र म्हणून दिलेला असतो. वास्तविक तो ‘आज्ञापत्र’ या ग्रंथातला आहे. हा ग्रंथ कोल्हापूरचे संभाजी महाराज यांच्या कारकिर्दीत, 1715-16 च्या सुमारास सिद्ध झाला आणि तो रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाशी जोडलेला आहे. शिवाजी महाराज तर 1680 मध्येच निवर्तले होते.

कोणी म्हणेल, विचार महाराजांचाच ना? मग नाव कोणाचे याने काय बिघडते? बिघडते ते असे. उद्या एखाद्या चिकित्सकाने सन दाखवून दिला म्हणजे ऐकणाऱ्याला वाटते, पत्र खोटे, तर रयतेच्या झाडांची ती काळजीही खोटीच असणार. एका चुकीच्या नावापायी खरी गोष्ट संशयात सापडते. शिवाय ज्याचे श्रेय त्याला मिळत नाही. रामचंद्रपंत 1674 च्या राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांत होते. राजाराम महाराज जिंजीला गेल्यावर इकडचा मोठा भार त्यांनीच वाहिला. अशा मुरलेल्या कारभाऱ्याच्या अनुभवाशी जोडलेला हा ग्रंथ आहे, हे सांगितल्याने शिवाजी महाराजांचे मोठेपण तिळभरही उणे होत नाही. त्यांची शिस्त त्यांच्या मागेही कारभाऱ्यांच्या मनात किती खोल रुजली होती, हेच त्यावरून कळते.

चुका नेहमी आळसानेच होतात असे मात्र नाही. कालगणनेचा घोळ पाहा. शिवाजी महाराजांच्या जन्माचे साल पूर्वी 1627 धरीत. लोकमान्य टिळकांनी 1916 मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केली. तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551 अशी नोंद निघाली. ‘शिवभारत’ या समकालीन संस्कृत काव्याचाही तिला दुजोरा आहे. आता शकात 78 मिळविले की इसवी सन, हे आपण शाळेत शिकतो. तसे केले तर 1629 येते. पण फाल्गुन हा शकवर्षाचा शेवटचा महिना. तोवर इंग्रजी वर्ष पालटलेले असते. म्हणून 79 मिळवून 1630, तारीख 19 फेब्रुवारी. त्यातही ही तारीख जुन्या पद्धतीची. नव्या पद्धतीने तोच दिवस 1 मार्च ठरतो. लेखकाने पद्धत कोणती ते सांगितले नाही, तर दोन पुस्तकांत दोन तारखा पाहून वाचक म्हणतो, या पंडितांचे आपापसातच जमत नाही!

मग चुकलेला ग्रंथ फेकून द्यावा काय? नाही. ग्रँट डफ हा साताऱ्यास राहिलेला ब्रिटिश अधिकारी. त्याने मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत लिहून 1826 मध्ये छापला. पुढे 1867 साली नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुण अभ्यासकाने त्यावर निबंध वाचून त्यातली वैगुण्ये दाखविली. विविधज्ञानविस्तार मासिकात तो निबंध छापला गेला. वि. का. राजवाडे यांनी 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ यांचा पहिला खंड काढला आणि त्याच्या प्रस्तावनेत डफच्या व बखरींच्या चुका अस्सल पत्रांशी ताडून मांडल्या. नुसती तक्रार न करता पत्रेच लोकांपुढे ठेवली, पाहा आणि ठरवा म्हणून. असे असूनही डफचा ग्रंथ अभ्यासक आजही उघडतात, कारण आपली माहिती कोठून आली हे त्याने जागोजागी टिपून ठेवले आहे. ज्या लेखकाने आधार दाखविला त्याची चूक दुरुस्त करता येते. ज्याने दाखविला नाही त्याचे खरे बोलणेही अधांतरी राहते.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे काम तुमच्या वर्गात सहज होण्याजोगे आहे. धड्यात आपल्या भागातले नाव आले की मुलांना ते ताडून पाहू द्या. गाव कोणते, घाट कोणता, शक दिला आहे की सन, आणि ही माहिती लेखकाला कोठून मिळाली, एवढे चार प्रश्न पुरेत. चूक सापडली तर ‘सारे खोटे’ म्हणून पुस्तक मिटू देऊ नका. ती दुरुस्त करून पुढे वाचा, आणि लेखकाला किंवा प्रकाशकाला एक पत्र टाका. गगनबावड्याच्या पोराला गगनगड कोणत्या अंगाने चढावा हे जेवढे ठाऊक असते तेवढे शहरातल्या ग्रंथकाराला असेलच असे नाही. त्याने लिहिलेली ओळ पुढच्या आवृत्तीत उतरली, तर त्या पुस्तकावर विश्वास ठेवावयाला वाचकाला एक कारण अधिक मिळेल.