दडवलेली एरियल आणि खोडदचे कान

१/ पुण्याहून नाशिककडे जाताना नारायणगावच्या पूर्वेला, खोडदच्या शिवारात, ४५ मीटर व्यासाच्या जाळीदार तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या दिसतात. ही जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. एवढी मोठी दुर्बीण शहरापासून ८० किलोमीटर दूर, डोंगरांच्या आड का उभारली गेली? याचे उत्तर शोधताना मोटारीतल्या रेडिओपासून सुरुवात करावी लागते.

२/ १९३० साली अमेरिकेत पॉल गॅल्विन यांनी आपल्या स्टुडबेकर मोटारीत रेडिओ बसवून तो अटलांटिक सिटीच्या व्यापारी मेळाव्यात नेला. या रेडिओचे नाव होते ‘मोटोरोला’. त्या काळच्या बहुतेक मोटारींचे छत लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडाचे असे आणि त्याखाली आधाराला कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी तारेची जाळी असे. तीच जाळी एरियल म्हणून वापरली जाई. बाहेरून काहीही दिसत नसे, आणि रेडिओ मात्र वाजे.

३/ १९३५ च्या सुमारास जनरल मोटर्सने अखंड पोलादी छत आणले आणि ही युक्ती संपली. पोलादी कवच रेडिओलहरी अडवते. त्याच्या आत दडवलेल्या तारेपर्यंत फारसे काही पोहोचत नाही. मग एरियल पायफळीखाली गेली, पुढे बॉनेटशेजारी उभ्या दांडीच्या रूपात बाहेर आली, आणि कालांतराने काचेत शिरली.

४/ दुसरा शत्रू मोटारीच्या पोटातच होता. पेट्रोल इंजिनातील स्पार्क प्लगची प्रत्येक ठिणगी हा एक छोटा रेडिओ प्रक्षेपकच असतो. इंजिन सुरू झाले, की रेडिओत खरखर सुरू होई. त्यावर उपाय म्हणून प्लगच्या वायरींत रोधक आणि डायनॅमोवर कपॅसिटर बसवले गेले.

५/ येथे एक नियम हाती लागतो. आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर संदेशाबरोबर खरखरही वाढवतो. म्हणून क्षीण संदेश ऐकायचा असेल, तर आधी एरियलच्या भोवतालचा गोंगाट कमी करावा लागतो.

६/ पुणे जिल्ह्याला या नियमाची ओळख जुनी आहे. १९२७ साली इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यात बीम वायरलेस सेवा सुरू झाली. तिचे प्रक्षेपण केंद्र खडकीला होते; ग्रहण केंद्र मात्र कित्येक मैल दूर, दौंडला. बोलणारे तोंड आणि ऐकणारा कान शेजारी ठेवले, तर समुद्रापलीकडून येणारा क्षीण संदेश स्वतःच्याच आवाजात बुडतो.

७/ गोंगाटाच्या शोधातूनच पुढे एक नवे शास्त्र जन्मले. बेल प्रयोगशाळेतील कार्ल जान्स्की अटलांटिकपारच्या रेडिओ टेलिफोनमधील खरखरीचे मूळ शोधत होते. न्यू जर्सीत त्यांनी फोर्ड मॉडेल टी मोटारीच्या चाकांवर फिरणारी भलीमोठी एरियल उभारली. वादळांची खरखर वगळल्यावरही एक मंद सुसकारा उरला. तो दर २३ तास ५६ मिनिटांनी, म्हणजे ताऱ्यांच्या गतीने, परत येई. १९३३ मध्ये जाहीर झाले, की तो आकाशगंगेच्या केंद्राकडून, धनू राशीच्या दिशेने येत आहे.

८/ ‘बिघाड’ म्हणून ज्याचा माग काढला, तोच विश्वाचा आवाज ठरला. रेडिओ खगोलशास्त्राचा आरंभ येथे मानला जातो.

९/ हे शास्त्र भारतात रुजवले गोविंद स्वरूप यांनी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना त्यांनी उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभारली. ती १९७० मध्ये कार्यरत झाली. त्यानंतर त्यांनी आखलेली योजना म्हणजे जीएमआरटी. तबकड्या ३०, त्यांतील १४ मध्यवर्ती भागात आणि १६ वाय आकाराच्या तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या.

१०/ एवढ्या तबकड्या भरीव पत्र्याच्या केल्या असत्या, तर खर्च आणि वाऱ्याचा दाब, दोन्ही असह्य झाले असते. स्वरूप यांनी ताणलेल्या दोरांवर बारीक पोलादी तारेची जाळी बसवली. जाळीची भोके लहरीच्या लांबीपेक्षा बरीच लहान असतील, तर त्या लहरीला जाळी भरीव आरशासारखीच भासते. वारा मात्र आरपार जातो. मोटारीच्या छतातील जाळीची ही दूरची बहीण म्हणावी लागेल.

११/ जागेची निवडही तितकीच विचारपूर्वक झाली. भोवतालचे डोंगर शहरी गोंगाट अडवतात, आणि तरीही पुण्यातील संस्था व कारखाने हाकेच्या अंतरावर राहतात. मोटारीतली एरियल संदेशापासून लपली आणि बहिरी झाली. खोडदची एरियल गोंगाटापासून लपली, म्हणूनच तिला ऐकू येते.

१२/ तिचे कान किती तिखट आहेत, ते १९ ऑक्टोबर २०१६ रोजी दिसले. मंगळावर उतरणाऱ्या युरोपच्या शियापारेली यानाचा अतिक्षीण संदेश खोडदने थेट पकडला. उतरण्याच्या नियोजित वेळेच्या थोडे आधी तो थांबला. यान कोसळले होते.

१३/ परंतु डोंगर आता पुरेसे पडत नाहीत. मोबाइल मनोरे, वीजवाहिन्या आणि आकाशातून जाणारे उपग्रह यांना सह्याद्री अडवू शकत नाही. पुणे–नाशिक नव्या रेल्वेमार्गाचा आधीचा आराखडा नारायणगाव परिसरातून जात होता. दुर्बिणीला होणाऱ्या बाधेच्या कारणावरून तो बाजूला ठेवून अन्य मार्गाचा विचार पुढे आला. विद्युत रेल्वेत वरची तार आणि पेंटोग्राफ यांच्यामध्ये उडणारी ठिणगी हा जुन्या स्पार्क प्लगचाच मोठा अवतार आहे.

१४/ जुन्नर–आंबेगावच्या माणसाला रेल्वे हवी, आणि ती मागणी रास्त आहे. टोमॅटो आणि कांदा बाजारात वेळेवर पोहोचावा, ही गरज कोणत्याही पल्सारपेक्षा त्याला जवळची वाटली तर नवल नाही. दुसऱ्या बाजूला, एकदा गेलेली रेडिओ शांतता परत मिळवणे फार अवघड असते.

१५/ मोटारीच्या इंजिनाला गप्प करायला एक रोधक पुरला. एका संपूर्ण खोऱ्याची शांतता राखायची, तर तिची किंमत कोणी आणि किती मोजायची, हे ठरवावे लागते. आजवर त्या किमतीचा मोठा वाटा खोडदच्या परिसराने उचलला आहे. विश्वाच्या इतिहासात त्या गावांचेही नाव नोंदवले गेले पाहिजे.