परिचारकाचें रक्षण : ग्रंथिक सन्निपाताच्या इतिहासांतील एक उपेक्षित प्रकरण

सन १८९६-९७ च्या ग्रंथिक सन्निपातासंबंधीं मराठींत पुष्कळ लेखन झालें आहे. घरझडत्या, विलगीकरणाच्या छावण्या, ता. २२ जून १८९७ चा गणेशखिंडींतील प्रसंग, त्यामागून झालेले खटले, यांविषयींचीं साधनें संग्राहकांनीं प्रेमानें जमविलीं व अभ्यासकांनीं तीं छापून काढिलीं. परंतु रोग्याच्या खाटेपाशीं उभा राहून त्याची वांती पुसणारा, त्यास पाणी पाजणारा जो मनुष्य, त्याचें रक्षण कोणीं व कसें केलें, हा प्रश्न या सर्व लेखनांत बाजूस राहिला आहे. प्रस्तुत लेखांत त्याचाच थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम आपल्या वैद्यकग्रंथांकडे पाहूं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक व रोगी. परिचारकाचे ठायीं शुश्रूषेचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं ममता व शुचिता हे चार गुण असावे, असें तेथें म्हटलें आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत, कुष्ठाच्या प्रकरणीं, एकापासून दुसऱ्यास लागणाऱ्या रोगांची गणना आहे. अंगस्पर्श, निःश्वास, सहभोजन, एका शय्येवर वा आसनावर बसणें, दुसऱ्याचीं वस्त्रें व माळा वापरणें, अशा संसर्गाच्या वाटा तेथें दिल्या आहेत व ज्वराची गणनाही त्या रोगांत केली आहे. यावरून प्राचीनांस जंतुशास्त्र अवगत होतें असें अनुमान काढणें युक्त नव्हे. तो मोह अभ्यासकानें आवरावा. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. परिचारकाचें कर्तव्य एका ग्रंथांत आणि संसर्गाची वाट दुसऱ्या ग्रंथांत, अशीं हीं दोन वचनें वेगवेगळीं राहिलीं. निःश्वासानें रोग लागतो, तर ज्यानें रोग्याजवळ अष्टौप्रहर बसावयाचें त्यानें काय करावें, हें चतुष्पादाच्या त्या विवेचनांत आलेलें नाहीं.

आतां मुंबईकडे वळूं. ता. २३ सप्टेंबर १८९६ रोजीं डॉ. अकासियो व्हीगास यांनीं मांडवी भागांत या रोगाचें निदान केलें. रोगाचा जंतु येर्सिन यानें हाँगकाँग येथें १८९४ सालींच शोधिला होता. पण तो मनुष्याच्या शरीरांत शिरतो कसा, हें कोणास ठाऊक नव्हतें. अशा अज्ञानांत परिचारकांनीं रोग्यांस हात लाविला. जानेवारी १८९७ मध्यें मुंबईचे नामांकित वैद्य सर्जन-मेजर मॅन्सर हे याच रोगानें वारले. त्याच महिन्याच्या १० तारखेस हाफकीन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांतील आपल्या प्रयोगशाळेंत सिद्ध केलेली लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली. पुण्यास सावित्रीबाई फुले यांनीं पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यांत रोग्यांची सेवा केली; मुंढव्याच्या एका आजारी मुलास त्यांनीं स्वतः उचलून तेथें आणिलें, असें त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. ता. १० मार्च १८९७ रोजीं त्याच रोगानें त्यांचा अंत झाला.

येथें रोगाचे दोन प्रकार ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. गांठीचा प्रकार मुख्यत्वें उंदरांवरील पिसवांच्या दंशानें जडतो. रोग्याच्या केवळ जवळ बसल्यानें तो सहसा लागत नाहीं. फुप्फुसाचा प्रकार मात्र रोग्याच्या खोकल्यांतून उडणाऱ्या तुषारांनीं थेट समोरच्या मनुष्यास लागतो आणि औषधोपचार न झाल्यास बहुधा प्राण घेतो. पिसवांची गोष्ट सिमाँ या फ्रेंच वैद्यानें कराची येथें १८९८ सालीं प्रयोगानें दाखविली. पण ती सर्वमान्य होण्यास पुढें कित्येक वर्षें लागलीं.

या भेदाचें महत्त्व व्हिएन्ना येथील एका प्रसंगावरून जसें स्पष्ट होतें तसें दुसऱ्या कशावरूनही होत नाहीं. त्या प्रसंगाचें मूळ मुंबईंतच आहे. १८९७ सालीं व्हिएन्नाच्या विज्ञानपरिषदेनें म्युलर, आल्ब्रेख्ट, गोन व पोख या चार वैद्यांस रोगाच्या अभ्यासार्थ मुंबईस धाडिलें. आर्थर रोडच्या इस्पितळांत त्यांनीं अनेक रोगी तपासले, शवच्छेद केले, आणि चौघेही सुखरूप स्वदेशीं परतले. परततांना त्यांनीं जंतूंचीं संवर्धनें बरोबर नेलीं. व्हिएन्नाच्या प्रयोगशाळेंत तीं जनावरांस टोंचून प्रयोग चालू असतां, ऑक्टोबर १८९८ मध्यें तेथील नोकर फ्रान्झ बारिश यास फुप्फुसाचा सन्निपात झाला. म्युलर यानें त्याची चिकित्सा स्वतःच्या अंगावर घेतली. ता. १८ रोजीं बारिश वारला. म्युलरलाही रोगानें गांठलें. त्यानें आपलें दुखणें स्वतःच ओळखिलें, व ता. २३ रोजीं प्राण सोडिला. बारिशची शुश्रूषा करणारी परिचारिका आल्बिने पेखा हीही थोड्याच दिवसांत गेली.

जे वैद्य साथीनें ग्रासलेल्या शहरांत रोग्यांच्या गर्दींत सुखरूप राहिले, त्यांतील एकास घरच्या इस्पितळांत एकाच रोग्यापासून मरण यावें, हें प्रथमदर्शनीं विचित्र वाटतें. परंतु वरील भेद लक्षांत घेतां त्यांत विचित्र कांहींच उरत नाहीं. मुंबईंत त्यांच्यापुढें बहुतांशीं गांठीचे रोगी होते. व्हिएन्नांत श्वासाची वाट उघडी होती. धैर्य दोनही ठिकाणीं सारखेंच होतें. रक्षण धैर्यानें होत नसून रोगाची वाट ओळखून ती अडविल्यानें होतें, हाच या प्रकरणाचा निष्कर्ष होय.

ही वाट अडविण्याचें मोठें उदाहरण मांचुरियांतील आहे. १९१०-११ च्या हिवाळ्यांत तेथें फुप्फुसाच्या सन्निपातानें सुमारें ६०,००० माणसें मेलीं. पिनांग येथें जन्मलेले व केंब्रिजमध्यें शिकलेले वैद्य वू लिएन-तेह यांनीं रोग श्वासावाटे पसरतो असें प्रतिपादून, जाळीदार कापड व कापूस यांची मुखपट्टी सर्व परिचारकांस बांधावयास लाविली. मेनी नांवाच्या अनुभवी फ्रेंच वैद्यास हें मत पटलें नाहीं. मुखपट्टीवांचून त्यानें रोगी तपासले, आणि ता. ११ जानेवारी १९११ रोजीं तो त्याच रोगानें वारला. पुढें एप्रिलमध्यें मुकदेन येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेचें अध्यक्षपद वू यांसच मिळालें.

आपल्याकडील कायद्याचा इतिहासही येथें पाहण्यासारखा आहे. ता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथरोगांचा कायदा झाला. त्याच्या चार लहान कलमांतील शेवटचें कलम, सद्भावनेनें केलेल्या कृत्याबद्दल कोणावर दावा चालूं नये, असें सांगतें. म्हणजे अंमलदाराचें फिर्यादीपासून रक्षण झालें. परिचारकाचें रोगापासून रक्षण करण्याचें कलम त्यांत नव्हतें. करोनाच्या साथींत, १२३ वर्षांनीं, सन २०२० मध्यें या कायद्यांत दुरुस्ती होऊन आरोग्यसेवकांवर हात टाकणाऱ्यांस शिक्षा ठरली. ती दुरुस्ती योग्यच होती. पण तीही मनुष्याच्या हातापासून रक्षण करणारी होती, श्वासापासून नव्हे. त्याच वर्षीं मुखपट्ट्या व संरक्षक वस्त्रें यांची टंचाई देशोदेशींच्या इस्पितळांस जाणवली, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. व्हिएन्नाच्या प्रकरणांत वैद्याबरोबर नोकराचें व परिचारिकेचेंही नांव टिकलें, म्हणूनच रोग कोणाकडून कोणाकडे गेला ही सांखळी आज जुळवितां येते. आपल्याकडे वैद्यांचीं व पुढाऱ्यांचीं नांवें ग्रंथांतरीं मिळतात. खाटा धुणारे, मळके कपडे उचलणारे, प्रेतें वाहणारे यांचीं नांवें क्वचितच आढळतात. या साथींत मुंबईंतील अनेक ज्ञातींनीं आपापलीं स्वतंत्र इस्पितळें उघडलीं होतीं. त्या काळच्या हजेरीपटांत, पगाराच्या पावत्यांत व वर्गणीच्या हिशेबवह्यांतच हीं नांवें सांपडण्याचा संभव आहे. जुन्या घरांतील दप्तरें चाळतांना बखर व सनद निवडून असले कागद रद्दींत टाकण्याची चाल आहे. ती सोडावी. पगाराच्या यादींतील एखादें नांव अमुक महिन्यापासून नाहींसें झालेलें दिसलें, तर तेवढ्या एका ओळीचीही नक्कल करून महिना, इस्पितळ व कामाचा प्रकार यांसह ती या त्रैमासिकाकडे धाडावी. अशा ओळी एकत्र आल्यावांचून, कोणत्या कामावरचीं माणसें रोगानें अधिक गेलीं हें सांगतां येणार नाहीं. आणि तें सांगतां आल्यावांचून या साथीचा इतिहास पुरा झाला, असें आम्हांस म्हणवत नाहीं.