2012 साली दोन कार्डं : एक निघालं, एक बुडालं

केळापूर तालुक्याचं मुख्य गाव पांढरकवडा. कापसाचा मुलूख. समजा, तिथल्या कृषी केंद्रात एका शेतकऱ्याने जनधन खात्याच्या रुपे कार्डाने बियाण्याचे पैसे दिले. दुकानातल्या मशीनने बँकेला निरोप पाठवला. तो कोणाच्या जाळ्यातून गेला? त्या जाळ्याचे नियम कोण ठरवतं? बघा, संशोधनाचा प्रश्न असाच हाताशी सापडतो.

रुपे येण्याआधी दुकानातले असे निरोप प्रामुख्याने व्हिसा आणि मास्टरकार्ड या अमेरिकी कंपन्यांच्या जाळ्यातून जात. युरोपालाही हेच खुपत होतं. तिथल्या मोठ्या बँकांनी ‘मोने’ नावाच्या युरोपीय कार्डाची आखणी केली. पण व्यवहारामागे बँकांनी एकमेकींना किती कमिशन द्यायचं, याची हमी युरोपीय आयोगाकडून मिळेना. 2012 मध्ये बेत गुंडाळला गेला.

त्याच वर्षी, 26 मार्चला, रुपे सुरू झालं. फरक कुठे पडला? 2007 च्या कायद्याने पेमेंट व्यवस्थेवर रिझर्व्ह बँकेला स्पष्ट अधिकार दिले. 2008 मध्ये रिझर्व्ह बँक आणि बँकांच्या संघटनेच्या पुढाकाराने राष्ट्रीय पेमेंट महामंडळ उभं राहिलं. ऑगस्ट 2014 मध्ये जनधन योजना आली आणि खात्यासोबत रुपे कार्ड हातात पडलं. म्हणजे कार्डाआधी संस्था होती आणि मागोमाग ग्राहक आले.

पण लगेच ‘भारत जिंकला, युरोप हरला’ असं लिहू नका. फ्रान्सचं स्वतःचं कार्ड-जाळं 1984 पासून चालू आहे. 2024 मध्ये युरोपीय बँकांनी ‘वेरो’ आणलं. ते कार्डाऐवजी थेट खात्यातून खात्यात पैसे पाठवतं, आपल्या 2016 च्या यूपीआयसारखं. शिवाय जानेवारी 2020 पासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआयवर दुकानदाराला शुल्क नाही. मग जाळं चालवायचा खर्च कोण सोसतं? बँका, आणि सरकारी अनुदान. कमिशनचा जो प्रश्न ‘मोने’ला नडला, तो आपल्याकडे सुटला नाही, सरकला.

आता शेवटचं, आणि हेच खरं अवघड. कापूस विकल्यावर देतो म्हणून उचललेलं बियाणं कुठल्याच जाळ्यात दिसत नाही. ते दुकानदाराच्या वहीत असतं. नुसत्या डिजिटल आकड्यांवर प्रबंध उभा केलात, तर हा शेतकरी तुमच्या अभ्यासात नसेलच. आकडेवारी उतरवून घ्या, पण आधी ती वही बघायला जा.