खरखरीत चांदीची कुळकथा

रेणूंवर पडलेला प्रकाश बहुतेक सगळा आहे त्याच रंगाने विखुरतो. कोटीत एखादाच प्रकाशकण रंग बदलून बाहेर पडतो आणि त्या बदलावरून रेणूची ओळख पटते. 1928 साली कोलकात्यात चंद्रशेखर व्यंकट रामन आणि के. एस. कृष्णन यांनी ही खूण शोधली. पण ती इतकी फिकी, की धातूवर बसलेला रेणूंचा एकेरी थर तिच्या जोरावर पाहण्याची आशा कोणी फारशी धरत नसे.

1974 मध्ये इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठात फ्लाइशमन, हेन्ड्रा आणि मॅक्विलन यांनी चांदीचा इलेक्ट्रोड क्षाराच्या द्रावणात ठेवून त्यावर विजेचा दाब उलटसुलट फिरवला. चांदी थोडी विरघळे, पुन्हा जमे आणि खरखरीत होई. पृष्ठभाग वाढला की त्यावर रेणूही जास्त मावतील, असा त्यांचा हिशेब. द्रावणात मिसळलेल्या पिरिडीन या सेंद्रिय द्रव्याच्या रेणूंनी खरोखरच ठळक संदेश दिला.

1977 मध्ये दोन गटांनी हा हिशेब तपासला: अमेरिकेत जीनमेअर आणि व्हॅन डाइन, इंग्लंडमध्ये अल्ब्रेख्त आणि क्राइटन. संदेश लाखो पटींनी वाढला होता. जागा काही तेवढी वाढलेली नव्हती. मग ही वाढ आली कुठून?

इथे दोन तर्क निघाले. व्हॅन डाइन यांनी बोट दाखवले ते पृष्ठभागाजवळच्या प्रखर विद्युतक्षेत्राकडे. पुढच्याच वर्षी मॉस्कोव्हिट्स यांनी त्याचा संबंध चांदीच्या कंगोऱ्यांवर प्रकाशाच्या तालात डोलणाऱ्या इलेक्ट्रॉनांशी जोडला. अल्ब्रेख्त आणि क्राइटन यांचा भर रेणू आणि धातू यांच्या थेट नात्यावर होता. हाच धागा पुढे विद्युतभार-हस्तांतरणाच्या सिद्धान्तापर्यंत गेला: प्रकाशाच्या धक्क्याने इलेक्ट्रॉन धातूतून रेणूत किंवा रेणूतून धातूत जातो. विजेचा दाब बदलला की संदेशाची तीव्रताही बदलते, हा त्याचा मोठा पुरावा.

आज दोन्ही कारणे मान्य आहेत. वाढीचा मोठा वाटा विद्युतक्षेत्राचा. हस्तांतरणाचा साधारण दहा ते शंभर पटींचा. मात्र वर्णपटातली कोणती रेषा किती उठावी, हे बऱ्याचदा हस्तांतरणावरच ठरते. 2010 मध्ये ग्राफीन या कार्बनच्या सपाट, एकेरी थरावरही रंगद्रव्यांचा संदेश काही पटींनी वाढलेला दिसला. दृश्य प्रकाशात इलेक्ट्रॉनांचे चांदीसारखे डोलणे ग्राफीनमध्ये होत नाही, त्यामुळे हस्तांतरणाचा वाटा तिथे वेगळा काढता आला.

जुन्या रंगांच्या तपासात खरखरीत चांदीचे हे तंत्र विशेष उपयोगी पडले. अनेक सेंद्रिय रंग प्रकाश पडताच स्वतःच चमकू लागतात आणि त्या चमकेत रामन यांची खूण बुडून जाते. धातूला चिकटलेला रेणू आपली ऊर्जा धातूकडे सोपवतो. चमक विझते, खूण उरते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या मार्को लिओना यांनी 2009 मध्ये याच तंत्राने इजिप्तमधल्या सुमारे 4000 वर्षांपूर्वीच्या चामड्यावरचा तांबडा रंग मंजिष्ठेच्या कुळातल्या वनस्पतीचा असल्याचे दाखवले.