फोटोजोगं जेवण

नव्या सुनेची पहिली संक्रांत असली की हलव्याची तयारी थंडी पडल्यापासूनच सुरू व्हायची. शेगडीत निखारे मंद ठेवायचे, वर परात, परातीत तीळ किंवा खसखस. साखरेचा पाक उकळताना त्यात थोडं दूध घालून वर आलेली मळी काढून टाकायची, म्हणजे हलवा पांढराशुभ्र येतो. मग चमचाभर पाक दाण्यांवर सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे परातीत फिरवत राहायचे. सुकले की पुन्हा चमचाभर. पाक जास्त पडला तर दाणे चिकटून गोळा होतो आणि हात जड पडला तर काटा मोडतो. कोरड्या गार हवेत काटा चांगला फुटतो, म्हणून पहाटे उठून परातीशी बसणाऱ्या बायका घरोघर असत. तिळाएवढ्या दाण्यावर टपोरा काटा यायला कित्येक बैठका लागत.

हा हलवा ओवून दागिने करायचे: मंगळसूत्र, तन्मणी, बाजूबंद, पाटल्या, कमरपट्टा. जावयासाठी हार आणि हलव्यानं मढवलेला नारळ. लहान मुलाच्या बोरन्हाणाला मुकुट आणि बासरी. काळी चंद्रकळा नेसून, हे दागिने अंगावर घालून सून तयार झाली की मंडळी फोटो काढायला थेट स्टुडिओत जात. अनेक मराठी घरांतल्या जुन्या अल्बमात असा एक तरी फोटो सापडतो. कृष्णधवल फोटोला याहून सोयीचा विषय मिळणं कठीण, कारण काळ्या कापडावर पांढऱ्या हलव्याचा काटा न् काटा उठून दिसतो.

घरी हौसेनं केलेल्या खाण्याचा फोटो काढून ठेवायची रीत त्यामुळे महाराष्ट्रात मोबाइलच्या बरीच आधी रुजली होती. पुढे कॅमेरे बदलले, पण त्याहून मोठा बदल झाला तो कोणतं खाणं फोटोच्या लायकीचं, या निवाड्यात. या हौसेचा इतिहास पाहायचा तर तो त्या निवाड्याचाच पाहावा लागतो.

खाणं डोळ्यांसाठी मांडायची शिस्त तर कॅमेऱ्याहूनही जुनी. पारंपरिक पानात मिठाची जागा वर मधोमध, शेजारी लिंबाची फोड. डाव्या बाजूला चटणी, कोशिंबीर, लोणचं; उजव्या बाजूला भाजी, आमटी; पुढ्यात भाताची मूद, तिच्यावर पिवळं वरण आणि तूप. पानाभोवती रांगोळीची महिरप. कमी खायचं ते डावीकडे, भरपूर खायचं ते उजव्या हाताशी, अशी त्यामागची सोय आहे. पण शंभर पानांच्या पंगतीत प्रत्येक पान सारखं दिसावं, हा नजरेचा आग्रहही त्यात आहेच. लग्नातलं रुखवत म्हणजे या आग्रहाची कमाल. रंगीत करंज्या, अनारसे, चकल्यांची चळत, साखरेचं तुळशीवृंदावन हे सगळं मावश्या-काकवा आठवडे खपून करतात आणि ते कार्यालयातल्या टेबलावर मांडलं जातं ते आधी बघण्यासाठी. लग्नाच्या फोटोग्राफरला रुखवताचा फोटो चुकवून चालत नसे. वधूपक्षाची मंडळी आधी तोच शोधत.

जगातही फोटोग्राफीनं सुरुवातीलाच ताटाकडे नजर वळवली होती. फ्रान्समध्ये जोसेफ निसेफोर निएप्स यानं मांडलेल्या जेवणाच्या टेबलाचं चित्र कॅमेऱ्यानं टिपलं, ते एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तृतीयांशातलं. मूळ प्रत हरवली, छापील नक्कल उरली. इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट याच्या 'द पेन्सिल ऑफ नेचर' या १८४४ ते १८४६ दरम्यान भागाभागांनी निघालेल्या पुस्तकात अननस आणि इतर फळांच्या टोपल्यांचं एक छायाचित्र आहे. रॉजर फेंटननं १८६०मध्ये द्राक्षं आणि फळांच्या राशी टिपल्या. टॅलबट आणि फेंटन यांनी फळं निवडण्याचं एक साधं कारण होतं. तेव्हा कॅमेऱ्यापुढे बराच वेळ स्तब्ध राहावं लागे आणि फळ हलत नाही, निवत नाही, त्याची वाफही उडून जात नाही.

मुंबईत १८५४मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचे वर्गही लवकरच सुरू झाले. पण या पहिल्या पिढीच्या काचांवर उमटल्या त्या इमारती, लेणी, शहरातल्या जातीजमातींचे पोशाख आणि प्रतिष्ठितांचे चेहरे. स्वयंपाकघराकडे कुणी वळलं नाही. चूल घराच्या आतल्या, अंधाऱ्या भागात. तिथे परक्या पुरुषाला प्रवेश नाही आणि कॅमेऱ्याला पुरेसा उजेड नाही.

म्हणून स्वयंपाकघराची नोंद शब्दांनीच घेतली. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' आलं, मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या छापील पाकपुस्तकांपैकी ते एक. १९१०मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांनी 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' लिहिलं आणि पाठारे प्रभूंच्या मांस-मासळीच्या पदार्थांनाही छापील पानावर हक्काची जागा मिळाली. १९७०मध्ये कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' आलं. शेर, पावशेर आणि तोळ्यांच्या जुन्या मापांऐवजी त्यांनी वाटी आणि चमचा हे प्रमाण धरलं. हा निर्णय साधा दिसतो, पण परगावी एकट्यानं संसार थाटलेल्या मुलीकडे तराजू नसला तरी वाटी असतेच, हे कमलाबाईंनी नेमकं ओळखलं होतं. पुस्तकाच्या लाखाहून जास्त प्रती खपल्या आणि नव्या नवरीला 'रुचिरा' भेट द्यायची पद्धतच पडली.

फोटोचं काम या पुस्तकांत भाषा करते. मसाला तेल सुटेपर्यंत परतावा, पाक गोळीबंद व्हावा, रवा बदामी रंगावर भाजावा, कणीक सैलसर भिजवावी, मोदकाची पारी पातळ करावी: या एकेका शब्दात डोळा, नाक आणि बोटं एकदम कामाला लागतात. रंगीत छायाचित्र झालेला पदार्थ दाखवतं, पण पाकाचा थेंब पाण्यात टाकल्यावर त्याची गोळी होते का, हे त्यात दिसत नाही. चित्रांवाचून चालणाऱ्या या पुस्तकांनी मराठीला पाककृती लिहिण्याची जी नेमकी भाषा दिली, तिची थोरवी अजून पुरेशी सांगितली गेलेली नाही.

तिकडे अमेरिकेत खाद्यपदार्थांचा रंगीत फोटो हा मोठा धंदा झाला होता. निकोलस मरे याची मासिकांतली रंगीत खाद्यचित्रं १९३०च्या दशकातच गाजत होती. विक्रीसाठी फोटो आला की करामतीही आल्या. कॅम्पबेल कंपनीच्या सुपाच्या जाहिरातीत वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या घातल्या होत्या, म्हणजे भाज्यांचे तुकडे वर तरंगून सूप दाट दिसावं. तिथल्या सरकारी व्यापार आयोगानं त्यावर कारवाई केली आणि १९७०मध्ये कंपनीला हा प्रकार थांबवावा लागला.

आपल्याकडे मध्यमवर्गीय घरात कॅमेरा आला तो आग्फा क्लिक थ्रीच्या रूपानं. एका रोलमध्ये बाराच फोटो. रोल महाग, तो धुऊन प्रिंट काढायचा खर्च वेगळा. बारातला एक फोटो आमटीवर खर्च करावा, असं कुणाच्या डोक्यातही आलं नसतं. मुंजीतली पंगत, बारशाचा पाळणा, एकमेकांना घास भरवणारं जोडपं असे फोटो निघत आणि जेवण त्यात माणसांच्या पुढ्यात, अर्धवट दिसे. पुढे छत्तीस फोटोंचे रंगीत रोल आले, तरी दिवाळीच्या फराळाच्या ताटापलीकडे कॅमेरा फारसा सरकला नाही. पिठलं-भाकरी, मेथीची परतून भाजी, शिळ्या पोळीचा कुस्करा ही रोजची जेवणं अल्बमात नाहीत. पिढ्यान् पिढ्या जे सगळ्यात जास्त वेळा शिजलं, त्याचीच चित्रं सगळ्यात कमी.

नोव्हेंबर २०००मध्ये जपानात शार्प कंपनीचा कॅमेरा असलेला फोन विक्रीला आला. २०१०च्या ऑक्टोबरात इन्स्टाग्राम आलं. २०१६मध्ये जिओमुळे भारतात इंटरनेट एकदम स्वस्त झालं आणि २०२०च्या टाळेबंदीत घराघरांत लोक स्वयंपाकाला लागले. फोटोला पैसा लागेनासा झाला, तेव्हा कुठे आमटीची पाळी आली.

घरच्या हौशी मंडळींनी या काळात बरंच काही आपलं आपण शोधून काढलं. ट्यूबलाइटखाली वरण निस्तेज दिसतं. तेच ताट खिडकीशी नेलं की तूप चमकतं. अख्खं ताट दाखवायचं तर फोन सरळ वरून धरावा. भाकरीचा पापुद्रा किंवा लाडवांची रास दाखवायची तर ताटाच्या उंचीवर यावं. वाफ पकडायची तर उजेड पदार्थाच्या मागून यायला हवा. काळ्या मसाल्याचं कालवण फोटोत चिखलासारखं दिसतं, म्हणून त्यावर तर्री नीट उमटू द्यावी, कडेला कांद्याची फोड ठेवावी. लोखंडी तवा, पितळी पातेलं, दगडी पाटा-वरवंटा माळ्यावरून खाली उतरले, काही ठिकाणी आधी फोटोसाठी आणि मग खरोखर वापरण्यासाठी.

तेव्हाच्या नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या सारोळा कासार गावच्या एक आजी नातवाच्या मदतीनं 'आपली आजी' या यूट्यूब वाहिनीवर पाककृती सांगू लागल्या आणि थोड्या अवधीत लाखो लोकांच्या घरात पोचल्या. त्यांच्या चित्रणात मांडणीची कलाकुसर नाही. मसाला घालणारा हात, त्याचा वेग आणि अंदाज दिसतो. पुस्तकातल्या वाटी-चमच्यातून निसटलेली ही गोष्ट होती.

तरीही छापील पानावर आणि पडद्यावर सगळ्यांची चूल सारख्या मानानं आलेली नाही. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' हे पुस्तक २०१५मध्ये आलं. मराठवाड्यातल्या दलित घरांत काय शिजत होतं, वाळवलेल्या मांसाच्या चान्या कशा करत आणि कशा पुरवत, हे त्यांनी कृतींसह लिहिलं. भूषण कोरगावकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०२४मध्ये प्रसिद्ध झाला. तेल, तूप, दूध-दुभतं सहज मिळत नव्हतं अशा चुलीचं हे पाकशास्त्र. त्याआधीच्या कोणत्याही गाजलेल्या मराठी पाकपुस्तकात ते नव्हतं आणि सणावाराच्या अल्बमात तर त्याला वावच नव्हता. खानदेश, विदर्भ आणि मराठवाड्यातली तरुण मुलंमुली आता आईला चुलीपुढे बसवून फोनवर कळण्याची भाकरी, शेंगोळे, भरीत, सुकटाची चटणी टिपून ठेवतात आणि चित्रण चालू असतानाच तिला विचारतात, की हे तुला कुणी शिकवलं.