झोटवाड्यातील पडदा आणि १९७५ चे आकाश

जयपूर शहराच्या वायव्येला झोटवाडा हे उपनगर आहे. कारखाने, दुकाने आणि दाट वस्ती असलेल्या या भागातील एखाद्या घरात आज नवा टीव्ही आला, तर त्यावर चित्रपट सुरू करण्यास फारसा खटाटोप लागत नाही. टीव्ही ‘स्मार्ट’ असेल तर तो घरच्या वाय-फायला जोडायचा. जुना असेल तर त्याच्या मागच्या एचडीएमआय खाचेत एक छोटी स्टिक बसवायची, पडद्यावर उमटलेला संकेतांक मोबाइलमध्ये भरायचा आणि चित्रपट निवडायचा. पाव तासात काम होते. याच जयपूर जिल्ह्यातील काही गावांत पन्नास वर्षांपूर्वी टीव्ही पहिल्यांदा सुरू झाला, तेव्हा मात्र त्यासाठी आधी एक उपग्रह अवकाशात हलवावा लागला होता.

तो उपग्रह म्हणजे अमेरिकेच्या नासाचा ‘एटीएस-६’. ३० मे १९७४ रोजी त्याचे प्रक्षेपण झाले. पहिले वर्षभर तो अमेरिकेच्या कामी आला. नंतर त्याला पूर्वेकडे सरकवून आफ्रिकेवर, विषुववृत्तापासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर स्थिर करण्यात आले. तेथून भारत त्याच्या दृष्टिपथात येत होता. १ ऑगस्ट १९७५ रोजी ‘सॅटेलाइट इन्स्ट्रक्शनल टेलिव्हिजन एक्स्पेरिमेंट’, म्हणजेच ‘साइट’ हा प्रयोग सुरू झाला. राजस्थान, बिहार, ओडिशा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावे त्यासाठी निवडली होती. राजस्थानातील गावे जयपूर, कोटा आणि सवाई माधोपूर या जिल्ह्यांतील होती.

या प्रयोगाची बीजे १९६९ मध्ये पडली होती. त्या वर्षी विक्रम साराभाई यांच्या पुढाकाराने अणुऊर्जा विभाग आणि नासा यांच्यात करार झाला. १९७१ च्या अखेरीस साराभाईंचे निधन झाले, आणि प्रयोग प्रत्यक्षात आणण्याची जबाबदारी अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरवर आली. केंद्राचे संचालक यश पाल होते, तर ‘साइट’चे कार्यक्रम व्यवस्थापक होते एकनाथ चिटणीस. कोल्हापुरात १९२५ मध्ये जन्मलेले चिटणीस हे साराभाईंच्या सुरुवातीच्या सहकाऱ्यांपैकी एक. २०२५ मध्ये, वयाची शंभरी पूर्ण करून, पुण्यात त्यांचे निधन झाले. महाराष्ट्रातील गावे या प्रयोगात नव्हती. परंतु नागपूर होते. उपग्रहाचा रोख अचूक राहावा म्हणून त्याला दिशा दाखवणारा संदेश नागपूरच्या केंद्रातून पाठवला जाई.

गावातील व्यवस्था साधी होती. शाळेत किंवा पंचायतीच्या इमारतीत एक सामुदायिक टीव्ही संच ठेवलेला असे. बाहेर सुमारे तीन मीटर व्यासाची छत्री उभी असे. ती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा तारेच्या जाळीची होती. इतक्या स्वस्त छत्रीने काम भागले, कारण उपग्रहाने आपली नऊ मीटर व्यासाची छत्री अवकाशात उलगडली होती. जड आणि महाग भाग आकाशात ठेवायचा आणि गावाच्या वाट्याला हलका, दुरुस्त करता येण्याजोगा भाग द्यायचा, हे या रचनेचे सूत्र होते. जेथे वीज पोहोचली नव्हती, अशा काही गावांत संच बॅटरीवर चालवले गेले.

रोज चार तास कार्यक्रम होत: सकाळी दीड तास शाळकरी मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन आणि मनोरंजनासाठी. वर्षभरात सुमारे ५०,००० शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षणही याच मार्गाने मिळाले. प्रयोगाची मर्यादाही स्पष्ट होती. देशात आणीबाणी लागून जेमतेम पाच आठवडे झाले होते. काय दाखवायचे हे वर ठरत होते आणि गावाने ते पाहायचे होते. प्रेक्षकाला निवड नव्हती, उलट बोलण्याची सोयही नव्हती.

तरीही एक गोष्ट विलक्षण होती. जयपूर शहराला स्वतःचा टीव्ही प्रक्षेपक मिळाला तो १९७७ मध्ये. म्हणजे या जिल्ह्यातील काही खेड्यांनी टीव्ही आधी पाहिला आणि राजधानीने नंतर. दिल्लीत १९५९ मध्ये आणि मुंबईत १९७२ मध्ये दूरदर्शन सुरू झाले होते. तेथून ते हळूहळू पसरत बाहेर जावे, हा नेहमीचा क्रम ‘साइट’ने उलटा केला. ३१ जुलै १९७६ रोजी प्रयोग संपला, ‘एटीएस-६’ परत अमेरिकेच्या दिशेने सरकला, आणि जी गावे नव्या प्रक्षेपकांच्या पल्ल्याबाहेर होती तेथील पडदे काळे पडले. स्वतःचा उपग्रह असल्याशिवाय हे टिकणार नाही, हा धडा देशाने त्यातून घेतला. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी कार्यरत झाला, त्यामागे हा अनुभव होता.

घरच्या पडद्यावरील आजच्या चित्रपटाचे दुसरे मूळही १९७४ मधीलच आहे. बंगळूरमध्ये जन्मलेले नासिर अहमद हे अमेरिकेतील कॅन्सस स्टेट विद्यापीठात संशोधन करत होते. ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ या गणिती पद्धतीच्या अभ्यासासाठी त्यांनी मागितलेले अनुदान नाकारले गेले होते. तरीही टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी जानेवारी १९७४ मध्ये तो शोधनिबंध प्रसिद्ध केला. चित्राचे लहान चौकोन करायचे, त्यातील डोळ्यांना जाणवणारे स्थूल बदल जपायचे आणि सूक्ष्म तपशील बऱ्याच अंशी सोडून द्यायचे, असे या पद्धतीवर आधारलेल्या संक्षेपणाचे तत्त्व आहे. पूर्ण एचडी चित्र कोणतेही संक्षेपण न करता पाठवायचे तर सेकंदाला सुमारे १,२४० मेगाबिट माहिती लागेल. संक्षेपणामुळे तेच काम सुमारे ५ मेगाबिटमध्ये होते. आजची बहुतेक व्हिडिओ-संक्षेपण मानके याच कल्पनेच्या वंशातील आहेत.

झोटवाड्यातील घरात ‘प्ले’चे बटण दाबले की चित्रपट अखंड येत नाही. तो काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो, आणि प्रत्येक तुकडा सर्व्हरवर वेगवेगळ्या दर्जात तयार असतो. जोडणीचा वेग पाहून टीव्ही पुढचा तुकडा कोणत्या दर्जाचा घ्यायचा ते ठरवतो. म्हणून वेग घटला की चित्र आधी धूसर होते, लगेच थांबत नाही. पहिल्यांदा टीव्ही जोडणाऱ्याने लक्षात ठेवावे ते एवढेच: चित्र वारंवार धूसर होत असेल तर दोष बहुधा टीव्हीचा नसतो. राउटर टीव्हीजवळ आणावा किंवा सरळ तारेने जोडावा. अनेकदा तेवढ्याने भागते.

भारतात सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले, तेही महानगरांपासून. नेटफ्लिक्स जानेवारी २०१६ मध्ये आले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि डेटा स्वस्त झाला. पण आकाशातून पडणारी लहर शहर आणि खेडे असा भेद करत नव्हती. तंतू मात्र रस्त्यारस्त्याने खोदत न्यावा लागतो. त्यामुळे जुना क्रम परतला आहे: आधी शहर, मग उपनगर, शेवटी गाव. ग्रामपंचायतींपर्यंत तंतू नेण्याच्या योजनेला २०११ मध्ये मंजुरी मिळाली आणि पुढे तिला ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. पंचायतीपासून घरापर्यंतचे शेवटचे अंतर मात्र आजही सर्वांत अवघड आहे.

१९७५ च्या प्रेक्षकाला निवड नव्हती, पण रांगेत त्याला पुढे उभे केले होते. आजच्या प्रेक्षकापुढे हजारो चित्रपट आहेत. मात्र ते पाहता येतील की नाही, हे त्याचे घर कोठे आहे यावर ठरते. तंत्रज्ञान पुरेसे आहे. कोणाच्या दारापासून सुरुवात करायची, एवढेच ठरवायचे उरते, आणि ते एकदा ठरवूनही दाखवले गेले आहे.